रेसिंग गेम, ग्राफिक्स कार्ड आणि सरासरीचा आकडा



समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, सिनेमा डोळ्यांसमोर येतात. आज आम्ही एका आलेखाची समीक्षा करणार आहोत. नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं की हा आलेख येतोच. डावीकडे कार्डांची नावं, समोर आडव्या पट्ट्या, पट्टीच्या टोकाला एक आकडा. त्यात एखादा रेसिंग गेम बहुधा असतोच. ‘फोर्झा होरायझन ५’ किंवा ‘एफ-वन’ मालिकेतला त्या वर्षीचा गेम. ही पट्टी बघून लोक हजारो रुपये, कधी लाखाच्या वर रक्कम मोजतात. तेव्हा तो आकडा नेमकं काय सांगतो आणि काय लपवतो, हे बघायला हवं.

आधी त्याची बाजू घेऊ. रेसिंग गेमच का? कारण अशा बऱ्याच गेममध्ये बेंचमार्कची सोय आतच असते. बटण दाबलं की संगणकच गाडी चालवतो, रस्ता ठरलेला, आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती फ्रेम निघाल्या ते सांगतो. दहा कार्डांची तुलना करायची तर दहांनाही एकच प्रश्नपत्रिका हवी. माणसाने खेळून चाचणी घेतली तर प्रत्येक फेरी वेगळी होते. त्यामुळे ही सोय उपयोगाची आहे, हे आम्हाला मान्य आहे.

आता अडचण बघा. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. त्यातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमने ११५ मिलिसेकंद घेतले. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद. सरासरी ६०. दुसऱ्या कार्डाने साठही फ्रेम सारख्या अंतराने दिल्या, तरी सरासरी ६०च. आलेखावर दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या.

पण तुमची गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावतेय. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. दुसऱ्या कार्डावर दोन फ्रेमच्या मध्ये गाडी सुमारे १.४ मीटर सरकते. पहिल्यावर त्या एका अडकलेल्या फ्रेममध्ये ती साडेनऊ मीटर पुढे जाते, आणि तेवढं अंतर तुम्हाला दिसलेलंच नसतं. ब्रेक लावायची जागा नेमकी तिथे आली, की गाडी सरळ वळणाबाहेर. खेळणारा म्हणतो, ‘अडकतंय.’ आलेख म्हणतो, सगळं ठीक आहे. यात खेळणाऱ्याचं खरं आहे.

ही गोष्ट नवी नाही. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी एका सेकंदाच्या आत काय घडतं ते मोजायला हवं, असं मांडलं आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ तपासायला सुरुवात केली. त्यानंतर परीक्षणांत ‘१ टक्का लो’ हा दुसरा आकडा रुळला. पण तोही जपून वाचावा लागतो. कुणी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमची सरासरी काढतं, तर कुणी फक्त त्या एक टक्क्याच्या सीमेवरची फ्रेम घेतं. मिनिटभराच्या चाचणीत ३६०० फ्रेम धरल्या, तर एक टक्का म्हणजे ३६. पहिल्या पद्धतीत आपली ती एक फ्रेम छत्तीसांत पातळ होते, दुसऱ्या पद्धतीत ती हिशेबात येतच नाही. म्हणून पट्टीपेक्षा फ्रेमच्या वेळेची रेघ छापावी. रेघेत उचकी लगेच दिसते.

दुसरा मुद्दा प्रश्नपत्रिकेचा. पेपर सगळ्यांना आधीच माहीत असेल तर काय होतं? २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डावर ‘क्वेक ३’ची फाइल ‘क्वॅक’ अशा नावाने चालवून पाहिली, तर वेग कमी झाला. ड्रायव्हर गेमचं नाव ओळखून वागत होता. २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क ०३’ या चाचणीबाबत फ्युचरमार्कला आढळलं, की एनव्हिडियाचा ड्रायव्हर कॅमेऱ्याला न दिसणारा भाग आधीच छाटून टाकतोय. हे शक्य झालं, कारण कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला होता. कॅमेरा त्या मार्गावरून हलवला की चित्र फाटलेलं दिसायचं. पुढे दोन्ही कंपन्यांच्या संयुक्त निवेदनात ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला गेला. शब्द बदलला, धडा मात्र राहिला. आजच्या रेसिंग गेममध्ये असंच चालतं, असा आमचा आरोप नाही. पण एकाच ठरलेल्या रस्त्यावर निकाल देणाऱ्या परीक्षकाने एकदा तरी स्वतः शर्यत खेळून मोजावं, ही अपेक्षा रास्त आहे.

तिसरा मुद्दा, गेम जेवढं सांगतो तेवढंही परीक्षक सांगत नाहीत. ‘फोर्झा होरायझन ५’ चाचणीच्या शेवटी सीपीयूचे आणि ग्राफिक्स कार्डाचे आकडे वेगवेगळे देतो, कार्डामुळे वेग किती टक्के वेळ अडला ते सांगतो, वर उचक्याही मोजून देतो. छापून येतो तो बहुतेक वेळा एकच आकडा. ‘एफ-वन’ गेममध्ये ट्रॅक आणि हवामान निवडता येतं. पावसात पुढच्या गाड्यांचे तुषार आणि ओल्या रस्त्यावरची प्रतिबिंबं यांनी कार्डावरचा भार वाढतो. मग आलेखाखाली ‘कोरडा की ओला’ एवढं लिहायला काय हरकत आहे? गेमची आवृत्तीही लिहावी. ‘होरायझन ५’ २०२१ मध्ये आला तेव्हा गाडी चालवताना रे ट्रेसिंग नव्हतं. ते २०२२ च्या अपडेटने आलं. नाव तेच, पेपर वेगळा.

आणि आता तर फ्रेमचा अर्थच बदललाय. २०२२ मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस ३ आणलं. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घातली जाते. ‘एफ-वन २२’ आणि ‘होरायझन ५’ या दोन्ही गेमना पुढे ही सोय मिळाली. चित्र मऊ धावतं, हे खरं. पण मधल्या फ्रेमला तुमचं स्टीअरिंग वळल्याचं काही माहीत नसतं. शिवाय मधली बनवायची तर पुढची फ्रेम जरा रोखून धरावी लागते. डोळ्याला १२० दिसतात, हाताला ६०च जाणवतात, किंबहुना किंचित उशिरा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे ४०९० च्या तोडीचं असल्याचं व्यासपीठावरून सांगितलं. त्या तुलनेमागे एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत बनवलेल्या फ्रेम घालणारं तंत्र होतं. अशा दोन फ्रेम एकाच पट्टीत मोजणं आम्हाला अमान्य आहे. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या हव्यात, आणि हातापासून पडद्यापर्यंत लागणारा वेळही शेजारी छापलेला हवा.

मंडळी, सरासरी खोटं बोलत नाही. तिला जे विचारलं तेवढंच ती सांगते. रेसिंग गेम खेळणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: पावसात, वीस गाड्यांच्या गर्दीत, पहिल्या वळणावर हे कार्ड अडखळेल का? ज्या परीक्षणात याचं उत्तर नाही, त्यातली पट्टी कितीही लांब असो, खिशात हात घालायची घाई करू नका. एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.