मेग्रे ए ल कॉर साँ तेत

झॉर्झ सीमनाँ (१९०३–८९) ह्या फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या बेल्जियन कादंबरीकाराची लघु रहस्यकादंबरी (१९५५). शीर्षकाचा अर्थ ‘मेग्रे आणि शिरविरहित प्रेत’. पॅरिसच्या गुन्हे-अन्वेषण पोलीस दलातील मेग्रे ह्या अधिकाऱ्यावर सीमनाँने लिहिलेल्या ७५ कादंबऱ्या व २८ कथा प्रसिद्ध आहेत. ही कादंबरीमालिका १९३१ पासून १९७२ पर्यंत चालली. प्रस्तुत कादंबरी तिच्या मधल्या टप्प्यातील असून ती अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, लेकव्हिल येथील वास्तव्यात लिहिली गेली.

पॅरिसमधील सँ मार्तँ कालव्यात मालवाहू नौकेवरील नावाड्यांना एका पुरुषाचा तुटलेला हात सापडतो. पुढे शरीराचे इतर भागही मिळतात. शिर मात्र मिळत नाही. दूरध्वनी करण्यासाठी मेग्रे कालव्याकाठच्या एका लहानशा मद्यगृहात शिरतो आणि तेथील मालकीण आलीन काला हिच्याकडे त्याचे लक्ष वेधले जाते. तिचा पती ओमेर गावाबाहेर गेल्याचे ती सांगते. ती कृश, मद्यासक्त आणि स्वतःच्या भवितव्याविषयीही उदासीन आहे. मृत व्यक्ती कोण आणि संशय कोणावर, हे वाचकाला लवकरच उमगते. ह्या स्त्रीने असे जीवन का पतकरले, हेच कादंबरीचे खरे रहस्य होय.

मालिकेतील मधलेच पुस्तक हाती घेतल्यास पूर्वसंदर्भांअभावी रसहानी होते, असा एक समज आहे. ह्या कादंबरीपुरता तो खरा ठरत नाही. मेग्रेचा पाइप, त्याची पत्नी, त्याचे सहकारी ह्यांचा परिचय पूर्वीच झालेला असल्याने लेखक त्यांत शब्द खर्च करीत नाही. वाचलेली जागा तो आलीनला देतो. परीक्षण न्यायाधीश कोमेल्यो आणि मेग्रे ह्यांच्यातील जुना बेबनाव मालिकेच्या नित्य वाचकास ठाऊक असतो. परंतु एकाला कबुलीजबाब हवा आहे आणि दुसऱ्याला माणूस समजून घ्यायचा आहे, हा भेद नवख्या वाचकासही प्रसंगांतून कळतो. मेग्रेच्या प्रथम अन्वेषणावरील कादंबरीत (१९४९) माणसांची बिघडलेली आयुष्ये सांधणाऱ्या एका काल्पनिक व्यवसायाची कल्पना आली आहे. तिची मर्यादा येथे प्रत्ययास येते : आलीनचे आयुष्य मेग्रेला उमगते, पण ते सांधता येत नाही.

रचनेच्या दृष्टीने कादंबरीत एक उणीव जाणवते. आलीन ही एका धनाढ्य जमीनदाराची मुलगी असून घरातील नोकराबरोबर तिने गृहत्याग केला होता, हा उलगडा अखेरीस बाहेरून आलेल्या एका नोटरीच्या तोंडून होतो. वाचकापुढे सर्व धागेदोरे आधीच ठेवावेत, ह्या अभिजात रहस्यकथेच्या संकेताचा त्यामुळे भंग होतो. कोड्याच्या चाहत्यास ही फसवणूक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि नोटरीने सांगितलेल्या तपशिलामुळे आलीनचे पूर्वी आलेले चित्र बदलत नाही. उलट तिचे मौन, तुटकपणा आणि याचना न करण्याची वृत्ती ह्यांचा अन्वय लागतो. मेग्रेने निरीक्षणातून जे ताडलेले असते, त्याला वस्तुस्थितीची जोड मिळते, एवढेच.

सीमनाँची शैली मितभाषी आहे. कालव्याचे पाणी, मद्यगृहातील अर्धवट उजेड, भरले जाणारे प्याले ह्या मोजक्या तपशिलांतून तो वातावरण उभे करतो. गुन्हेगार सापडल्यावरही समाधानाचा सूर लागत नाही. उत्तर मिळूनही मन अस्वस्थ ठेवणारी ही कादंबरी, रहस्यकथा हा प्रकार केवळ बुद्धिरंजनापुरता नसतो, ह्याचे एक लक्षणीय उदाहरण म्हणता येईल. सीमनाँच्या लेखनाशी प्रथम परिचय करून घेणाऱ्यांनी मालिकेच्या आरंभापासूनच वाचन करावे, असे बंधन त्यामुळे उरत नाही.