ट्रकसाहित्य : एक समीक्षा

कादंबरी वाचायला सवड लागते, नवकविता कळायला अक्कल लागते. ट्रकच्या पाठीवरचे साहित्य वाचायला नुसती एक सायकल पुरते. ती माझ्याकडे आहे. गेली एकवीस वर्षे मी तिच्यावर टांग मारून हडपसरहून बँकेत जातो आणि डिझेलचा धूर गिळत या साहित्याचा व्यासंग करतो. बी. कॉम. झालेल्या माणसाने साहित्यावर बोलू नये, असे आमच्या हिचे मत आहे. पण इतक्या जवळून वाचणारा समीक्षक दुसरा दाखवा!

या साहित्यातली प्रमुख कृती म्हणजे 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली या ओळीवर बंदी घातली. ती वाचून लोक उगाच भोंगे वाजवतात, हे कारण. पण बंदीने साहित्य मरत नसते. ही ओळही मेली नाही. माझी तक्रार निराळी आहे. हॉर्न कोणी वाजवायचा? मागच्याने. अंतर कोणी ठेवायचे? मागच्याने. रात्री डिपर? तोही मागच्यानेच. 'बुरी नजरवाले' म्हणून शिव्या खायच्या, त्यासुद्धा मागच्यानेच! म्हणजे सगळी रक्कम मागच्याच्या नावे टाकलेली. लेखकाने स्वतः काय करायचे, याबद्दल एक अक्षर नाही. आणि माझ्या सायकलीला तर हॉर्नच नाही. घंटी आहे, ती मलाच कधीमधी ऐकू येते.

मागच्या पावसाळ्यात या तक्रारीचा निकाल लागला. सिग्नलला एक दहाचाकी उभा होता. मी सवयीने त्याच्या डावीकडच्या फटीतून पुढे घुसलो. सिग्नल सुटला, ट्रक डावीकडे वळला आणि माझ्या सायकलीचे मागचे चाक पापडासारखे मोडले. मी फुटपाथवर, डबा रस्त्यावर आणि भेंडीची भाजी चहूकडे.

ड्रायव्हर खाली उतरला. पळाला नाही. जखमीच्या औषधपाण्याची सोय ड्रायव्हरने करावी, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लिहिले आहे. त्याला कायदा ठाऊक होता की नाही कोण जाणे, माणुसकी ठाऊक होती.

"काय राव, दिसत नाही का?" मी ओरडलो.

"न्हाई दिसत, साहेब. वर या, बघा."

मी लंगडत केबिनमध्ये चढलो आणि उजवीकडे त्याच्या जागेवर बसलो. डाव्या दाराखाली, पुढच्या चाकाशी, जिथे मी रोज असतो, तिथे काहीच नव्हते. माझी सायकल खाली तिथेच पडली होती, पण मला दिसेना. एकवीस वर्षे मी ज्यांना मनातल्या मनात दम देत होतो, त्यांच्या लेखी मी जन्मालाच आलो नव्हतो! तेव्हा पहिल्यांदा माझे हातपाय थरथरले.

"मग वळताना क्लीनरला बघायला सांगायचं ना?"

"सांगाया पायजे होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "झोपला हुता. उठवला न्हाई."

ज्या फटीत आपण कोणाला दिसत नाही तिथे घुसणे, ही माझी चूक; ती मी माझ्या खाती लिहितो. पण दोन्ही चुका सारख्या नव्हेत. रोकड कमी भरली तर जाब कॅशियरला विचारतात, कारण तिजोरी त्याच्या ताब्यात असते. इथे माझी चूक झाली तर हाड माझे मोडते आणि त्याची चूक झाली तरी माझेच मोडते. म्हणून 'दिसत नाही' ही सबब होत नाही. दिसत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुप्पट बघायचे.

चाकाचे पैसे त्याने दिले. भेंडी मी सोसली.

ट्रकसाहित्यिकांना एकच सूचना. पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढवा, पाठीवर नको, केबिनच्या आत, डाव्या काचेवर : 'खाली कोणीतरी आहे.' मीही वाचनाची सवय बदलली आहे. सिग्नलला आता ट्रकच्या मागेच उभा राहतो, चांगला दहा हात लांब. कलाकृती आणि समीक्षक यांच्यात अंतर हवे, असे जाणकार म्हणतात. ट्रकवर ते केव्हाचे लिहिलेले होते. मीच नीट वाचले नव्हते.