नळ, किल्ली आणि शाळेतले इंटरनेट

शाळेत इंटरनेट कसे वापरावे याची नियमावली म्हणजे केवळ कारकुनी कागद, असे समजून आपले शिक्षक-कार्यकर्ते तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मला ती सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचावीशी वाटते. ती कोणाच्या जाणिवेतून लिहिली गेली आणि तिच्यात कोण गैरहजर आहे, हे दोन प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत.

या नियमावल्यांचा नेहमीचा साचा पाहावा. बहुतेक वाक्ये विद्यार्थ्याला उद्देशून आणि नकारार्थी. हे पाहू नये, ते उघडू नये. नियमभंग झाल्यास सुविधा काढून घेण्यात येईल. विद्यार्थी संभाव्य गुन्हेगार आणि संगणक ही शाळेची मेहेरबानी, असे हे गृहीत आहे. शाळेचे कर्तव्य काय, याविषयी मौन.

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात हे मौन कोणाला भोवेल? घरात दोन फोन असलेल्या मुलाची सुविधा काढली, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर जातो, त्या मुलीला मात्र शाळेचा संगणक हाच एक आधार. शिक्षा एकच, तिचा भार सारखा नाही.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना कागदोपत्री खुल्या झाल्या. तरीही 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. बाबासाहेबांनी आपल्या शाळकरी दिवसांविषयी लिहून ठेवले आहे, की शाळेच्या नळाला त्यांना हात लावता येत नसे. शिपाई असेल तर पाणी, नाही तर तहान. आज संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे, पासवर्ड कोणाला ठाऊक, कळफलकावर आधी कोण बसतो आणि मागे उभे राहून कोण बघतो, हे प्रश्न त्या नळाच्याच जातीचे आहेत.

मग शिस्त नको काय, असा आक्षेप येईल. शिस्त हवीच. पण सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने दिलेला निकाल ध्यानात घ्यावा. कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरण्यास बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढण्यात आले. न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला व तिला परत घेण्यास सांगितले. शिस्तीने हक्क गिळू नये, एवढाच याचा अर्थ.

दुसरा मुद्दा संमतीचा. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. तत्त्व चांगले आहे. पण साखर कारखान्याच्या तळावर कोपी टाकून राहणाऱ्या ऊसतोड मजुरापुढे छापील अर्ज सरकवून सही किंवा अंगठा घेतला, तर ती संमती कशी म्हणावी? नियम पालकसभेत मोठ्याने वाचून, त्यांच्या बोलीत समजावून सांगितले पाहिजेत.

तिसरा मुद्दा सर्वांत जिव्हारी लागणारा. 'अश्लील' हा शब्द या कागदांत हमखास सापडतो. 'जातिवाचक' हा शब्द शोधावा लागतो. 2015 साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून एका दलित तरुणाला ठार मारण्यात आले. इतके रक्त सांडलेल्या समाजात वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरील जातीची टिंगल 'मुलांची गंमत' म्हणून सोडता येणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा : नियमावलीचे पहिले कलम शाळेला बांधणारे असावे. प्रत्येक मुलाला आठवड्यात ठरावीक तास मिळतील. नोंदवही भिंतीवर टांगलेली राहील. घरी साधन नसलेल्यांचा क्रम आधी लागेल. शिक्षा म्हणून अभ्यासाचा वेळ तोडला जाणार नाही. जातीय अपमानाची तक्रार लेखी घेतली जाईल. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत हा कागद मागावा, वाचावा आणि दुरुस्त केल्याखेरीज त्यावर सही करू नये.