छायाचित्रावरील संस्कार

छायाचित्र म्हणजे यंत्रानें केलेली नक्कल, आणि यंत्राला पक्षपात ठाऊक नसल्यामुळें ती नक्कल सत्य असलीच पाहिजे, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ आहे. चित्र घेतल्यावर त्यावर जो जो हात फिरवावा तो तो खोटेपणाच होय, ही शंका ह्याच समजाची दुसरी बाजू. आज प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर चित्र उजळण्याची व त्यांतील नको तें पुसून टाकण्याची सोय झालेली असल्यामुळें ही शंका केवळ तात्त्विक राहिलेली नाहीं. तिचा विचार करूं पाहणारास अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) ह्याचा ‘द प्रिंट’ हा ग्रंथ अजूनही मार्गदर्शक होण्यासारखा आहे. १९५० सालीं प्रथम निघालेला हा ग्रंथ त्यानें १९८३ सालीं नव्या स्वरूपांत प्रसिद्ध केला. ‘द कॅमेरा’ व ‘द निगेटिव्ह’ ह्यांच्या मालिकेंतील तो तिसरा होय.

ॲडम्सनें तरुणपणीं पियानोवादनाचा कसून अभ्यास केला होता. निगेटिव्ह ही स्वरलिपि आणि कागदावरची प्रत हें तिचें वादन, ही त्याची आवडती उपमा त्यांतूनच आली. आमच्या मतें त्याच्या प्रत्यक्ष व्यवहाराला पाश्चात्त्य स्वरलिपीपेक्षां आपल्याकडील बंदिशच अधिक शोभते. कारण बंदिश तीच राहते, आणि गवई मात्र वयाप्रमाणें ती निराळी भरतो. न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ येथील चंद्रोदयाचें त्याचें विख्यात चित्र पाहा. ज्योतिर्गणितावरून त्याची तारीख १ नोव्हेंबर १९४१ अशी ठरली आहे. त्या सायंकाळीं प्रकाशमापक वेळेवर सांपडेना; तेव्हां चंद्राचें तेज त्याला ठाऊक होतें त्यावरून हिशेब करून त्यानें एक चित्र घेतलें, आणि दुसरें घेण्यापूर्वींच स्मशानांतील क्रुसांवरचें ऊन निघून गेलें. ह्या एकाच निगेटिव्हवरून पुढें त्यानें शेंकडों प्रती काढल्या. आरंभींच्या प्रतींत आकाश करडें असून त्यांत ढगांच्या रेघा आहेत. उत्तरकाळच्या प्रतींत तें जवळजवळ काळें झालें आहे. ह्यांपैकीं खरी प्रत कोणती, असें विचारणें म्हणजे एकाच गवयाच्या दोन मैफलींपैकीं खरी कोणती, असें विचारण्यासारखें आहे.

परंतु हें स्वातंत्र्य स्वैर नव्हे, आणि ग्रंथाचा खरा गाभा त्याच्या शिस्तींत आहे. प्रथम एकाच कागदाच्या पट्टीवर कमीअधिक प्रकाश देऊन चांचणी घ्यावी. सर्व चित्राची सामान्य उजळी व काळ्यापांढऱ्यांतील अंतर ठरल्यावरच भागाभागाकडे वळावें. जेथें काळोख फार तेथें प्रकाश अडवावा. जेथें फिकेपणा तेथें अधिक द्यावा. ओली प्रत वाळल्यावर किंचित् काळवंडते, म्हणून ओलीवरून निर्णय करूं नये. आणि प्रत फार प्रखर दिव्याखालीं तपासूं नये. नाहीं तर ती साध्या घरांत गेल्यावर अंधारी दिसते.

अंधारखोली आज बहुतेकांची गेली. पण हे नियम गेले नाहींत. संगणकाचा पडदा झगझगीत ठेवून चित्र सुधारणाऱ्याची प्रत छापून आल्यावर काळी येते, ती ह्याच कारणानें. पडदा स्वतः उजळतो, कागद केवळ पडलेला प्रकाश परतवितो. म्हणून पडद्याचें तेज कमी करून, एक लहान प्रत आधीं छापून, जेथें चित्र टांगावयाचें तेथल्या उजेडांत ती पाहणें श्रेयस्कर. फोटोशॉपमध्यें उजळण्याच्या व गडद करण्याच्या साधनांवर अनुक्रमें काडीला लावलेली चकती आणि वळविलेला हात अशीं चिन्हें आहेत. तीं ह्याच जुन्या हस्तक्रियेचीं होत.

येथवर ॲडम्सशीं आमचा मतभेद नाहीं. तो सुरू होतो तो लोन पाइन येथील १९४४ सालच्या सूर्योदयाच्या चित्रापाशीं. तेथील टेकडीवर शाळेच्या विद्यार्थ्यांनीं चुन्यानें गांवाचीं आद्याक्षरें काढलीं होतीं. तीं ॲडम्सनें चित्रांतून नाहींशीं केलीं, आणि पुढें तसें उघड सांगून त्याचें समर्थनही केलें. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारास येथें एक भेद सहज सुचेल. छायाप्रकाशाचा फेर हा उच्चाराचा फेर आहे; कोणत्या शब्दावर भर द्यावा हा पाठकाचा अधिकार. वस्तु काढणें वा घालणें हा मात्र पाठांतील फेर, म्हणजे लोप किंवा प्रक्षेप. ॲडम्सनें तो लपविला नाहीं, म्हणून त्याला दोष सौम्य लागतो, पण लागतो. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नें १९८२ सालच्या फेब्रुवारीच्या अंकावर आडवें चित्र उभ्या मुखपृष्ठांत बसविण्यासाठीं गीझाचे पिरॅमिड संगणकानें जवळ सरकविले, तेव्हां जो गहजब झाला तो ह्याच भेदामुळें. वृत्त म्हणून दिलेल्या चित्रांत पाठ पालटणें वाचकाशीं विश्वासघात होय.

ह्या भेदालाही एक अपवाद आहे, आणि तो आपल्या घरांतला आहे. लग्नाच्या चित्रसंग्रहांत सांवळ्या वधूला गोरी करण्याची जी चाल पडली आहे, तिच्यांत एकही वस्तु काढलेली वा घातलेली नसते; केवळ उजळी वाढविलेली असते. तरीही तो उच्चार राहत नाहीं. कारण त्यानें माणसाची ओळखच पालटते, आणि तिचा मूळचा वर्ण हा दोष होता, असा निकाल कागदावर कायमचा छापला जातो. पन्नास वर्षांनीं ज्या नातवाला आजीचें एवढेंच चित्र उरेल, त्याला आजी दिसणार नाहीं; आपल्या पिढीची लाज दिसेल. डोळ्यांखालची सांवली थोडी हलकी करावी, पाठीमागचा झगझगाट दबवावा. ह्यानें चेहरा अधिक दिसतो. ज्या संस्कारानें माणूस अधिक दिसतें तो योग्य, ज्यानें तें झांकलें जातें तो अयोग्य, एवढी कसोटी घरगुती व्यवहारास पुरेशी आहे.

ग्रंथांतील रसायनांचीं प्रकरणें आजच्या सामान्य वाचकानें वगळलीं तरी चालेल. लेखनशैलीही कोठें कोठें प्रयोगशाळेंतील टिपणांसारखी रुक्ष आहे. आणि ग्रंथकाराची दृष्टि मुख्यतः निसर्गदृश्यांवर असल्यामुळें चेहऱ्याविषयींचा जो विवेक आपणांस हवा तो येथें आयता मिळत नाहीं. तथापि चित्र घेतांना आपण काय पाहिलें हें आधीं मनाशीं ठरवावें आणि हात त्याच्या आज्ञेंत ठेवावा, ही शिकवण पानोपानीं आहे. साधनें जितकीं सुलभ तितकी ही शिकवण दुर्लभ होत चालली आहे. म्हणूनच ज्यांच्या हातीं कॅमेरा आहे त्यांनीं हा ग्रंथ एकदां तरी वाचावा.