निकालाचा कागद पडद्यावर नाही

मागच्या फेब्रुवारीत बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली. घरात डिबेट करणारी दोन मुलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा ‘द ग्रेट डिबेटर्स’ पाहिला. चित्रपट २००७ चा. दिग्दर्शन डेन्झेल वॉशिंग्टनचं आणि प्रमुख भूमिकाही त्याचीच. टेक्ससमधल्या मार्शल गावातलं विली कॉलेज, १९३५ चा सुमार, मेल्व्हिन टॉल्सन नावाचे कवी-प्राध्यापक आणि त्यांनी घडवलेला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा वादविवाद संघ, अशी ही कथा सत्यघटनेवर बेतलेली आहे. आपल्या घरांतून हा चित्रपट का आवडतो, ते वेगळं सांगायला नको. शेवटच्या सामन्याचा विषय आहे सविनय कायदेभंग, आणि त्यात कोवळा जेम्स फार्मर उभा राहून अमृतसरच्या गोळीबारापासून सुरुवात करतो. माझ्या सासूबाईंना ते उच्चार फारसे कळत नव्हते, पण ‘गांधी’ म्हटल्याबरोबर त्या सोफ्यावर सावरून बसल्या.

चित्रपट चांगलाच आहे. विशेषतः जेम्सच्या वडिलांच्या गाडीखाली एका गोऱ्या शेतकऱ्याचं डुक्कर सापडतं तो प्रसंग. विद्वान, धर्मोपदेशक माणूस, पण मुलांदेखत त्याला मान खाली घालून पगाराचा चेक काढून द्यावा लागतो. त्या वेळी जेम्सच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यापुढे पुढची सगळी भाषणं मला फिकी वाटली.

या खेपेला मात्र मी चित्रपटात एक वेगळीच गोष्ट शोधत होते. गेली पाच वर्षं मी मुलांच्या स्पर्धांना ‘पेरेंट जज’ म्हणून जाते. इथला नियमच तसा: शाळेने ठरावीक संघांमागे एक परीक्षक आणायचा, नाहीतर पैसे भरायचे. त्यामुळे शनिवारी पहाटे थर्मासात चहा आणि पिशवीत थालीपीठ घेऊन निघणाऱ्या आयांमध्ये मीही एक. तर मी शोधत होते परीक्षक. ते या चित्रपटात जवळजवळ नाहीतच. भाषण संपतं, सभागृह स्तब्ध होतं, कुणीतरी विजेत्याचं नाव उच्चारतो आणि टाळ्या पडतात. कुणी, कशावरून, काय लिहून हा निकाल दिला? चित्रपटाला त्याची गरज वाटत नाही, कारण त्याने प्रेक्षकालाच परीक्षक करून टाकलंय आणि प्रेक्षकाचं मत आधीच ठरलेलं आहे. विलीच्या मुलांच्या वाट्याला दर वेळी नेमकी तीच बाजू येते जी आपल्याला आज न्याय्य वाटते.

खऱ्या स्पर्धेत अशी चैन नसते. बाजू मुलांच्या मतावर ठरत नाही. ‘पब्लिक फोरम’ या २००२ साली सुरू झालेल्या प्रकारात तर नाणं उडवतात. जिंकणाऱ्याने एक तर बाजू निवडायची किंवा आधी बोलायचं की नंतर ते. सकाळी ज्या मुद्द्याच्या चिंधड्या उडवल्या, दुपारी त्याचीच वकिली करायची. पहिल्या एकदोन फेऱ्यांच्या जोड्या आधीच लावलेल्या असतात. मग जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशी आणि हरलेल्यांची हरलेल्यांशी. हे सगळं जुळवणारी खोली म्हणजे टॅब रूम. पूर्वी तिथे कार्ड आणि कागदांचे गठ्ठे असत, आता संगणक. कुणी कुणाशी आधी भेटलंय, कुठला परीक्षक कुठल्या शाळेचा, कुणाची बाजू सलग तीच येतेय, हे सांभाळत पुढची फेरी वेळेवर सोडायची. लग्नात पंक्ती बसवणाऱ्या काकांना हे काम छान जमलं असतं.

गुणांची पद्धत तर परीक्षकावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, या तत्त्वावरच उभी आहे. वक्त्याला तीसपैकी गुण, पण प्रत्यक्षात बहुतेक सगळे पंचवीसच्या वरचेच. कुणी हात सैल सोडतो, कुणी आखडतो. म्हणून क्रमवारी लावताना बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढतात. एकट्याने भाषण करायच्या प्रकारांत निकाल मुख्यतः क्रमांकांवर लागतो. खोलीत साधारण सहा मुलं, त्यांना एक ते सहा, आणि कुणा दोघांना एकच क्रमांक द्यायचा नाही. माझे ब्याण्णव आणि तुमचे ब्याण्णव यांची किंमत एक नसते. ‘ही पहिली, तो दुसरा’ याची बरीचशी असते.

वादाचा निकाल आणि वक्त्याचे गुण हेही वेगळे. गोड बोलणारा संघ हरू शकतो. त्याला ‘लो पॉइंट विन’ म्हणतात, म्हणजे कमी गुणांच्या संघाचा विजय. हे मला पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं, पण ते डोक्यात शिरलं नव्हतं. एका फेरीत एका बाजूला ब्लेझर घातलेली, घडाघडा बोलणारी दोन मुलं. दुसऱ्या बाजूला एका छोट्या शाळेतल्या, सारख्या कागद चाळणाऱ्या दोन मुली. मी निकाल मुलांना दिला. कारणाच्या रकान्यात दोन ओळी: दोन्ही संघ उत्तम, मुलांचा आत्मविश्वास जास्त. दुपारी जिन्यात त्यांतली एक मुलगी भेटली. अगदी अदबीने तिने विचारलं की त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याला समोरच्यांनी उत्तर दिलं होतं का, कारण तिच्या टिपणांत ते नव्हतं. माझ्या टिपणांतही नव्हतं. वही पर्समध्येच होती. मी तिच्यासमोर उघडून पाहिली. मुलींच्या मुद्द्यासमोरची जागा कोरी होती. त्यांच्या शाळेला प्रशिक्षक नाही, इतिहासाच्या बाई फक्त सोबत येतात. म्हणून बॅलट घरी नेऊन त्यावरूनच आम्ही शिकतो, असं ती म्हणाली. निकाल बदलता येत नाही. त्या दिवशी त्या दोघी एका विजयाने बाद फेरीला मुकल्या.

चित्रपटावरचा माझा आक्षेप इथे आहे. टॉल्सनसारखा शिक्षक ज्याला मिळाला त्याची ही गोष्ट. ज्याला मिळाला नाही, त्याच्यासाठी निकालाचा कागद हाच शिक्षक असतो, आणि तो कागदच पडद्यावर नाही. शिवाय खरा इतिहास तर याहून जास्त याच विषयाचा आहे! चित्रपटात शेवटचा सामना हार्वर्डशी होतो. प्रत्यक्षात १९३५ मध्ये विलीच्या मुलांनी ज्यांच्याशी वाद केला, तो त्या वेळचा राष्ट्रीय विजेता संघ होता युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा. आणि कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना वादविवादाच्या राष्ट्रीय संस्थेचं सभासदत्वच नव्हतं; दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ते मिळालं नाही. म्हणजे व्यासपीठावर कितीही चांगले बोला, नोंदवहीत तुमच्या नावाला ओळ नाही. अन्याय भाषणात नव्हता, संयोजनात होता. एवढा धारदार प्रसंग हाताशी असताना हार्वर्डच्या नावाची झळाळी का उसनी घ्यावी? जालियनवाला बागेवर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही ती झळाळी जरा जास्तच आवडते, हे जाता जाता कबूल करते. आपल्या पार्ट्यांमधून हार्वर्डचा उल्लेख किती वेळा होतो, ते मोजून पाहावं.

त्याच वर्षी आलेला ग्रेग व्हाइटलीचा ‘रिझॉल्व्ह्ड’ हा माहितीपट त्या मानाने कमी देखणा, पण जास्त प्रामाणिक आहे. त्यात मिनिटाला तीनशेहून अधिक शब्द फेकणारी मुलं आहेत, आणि लाँग बीचच्या शाळेतली दोन कृष्णवर्णीय मुलं या खेळाच्या नियमांवरच वाद उभा करतात. घरच्या मंडळींना तो दाखवलात तर अर्ध्या तासात कुणीतरी चहा टाकायला उठेल. डिबेटवाल्या मुलांना मात्र जरूर दाखवा.

आता जरा घरचं. आपल्याकडे वक्तृत्वाची हौस जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. स्पर्धांतले रकाने मात्र आपण तसेच इथे आणले: विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव, पाठांतर, शंभरपैकी बेरीज, तीन बक्षिसं आणि दोन उत्तेजनार्थ. बेरजेचा कागद परीक्षकांकडून थेट कार्यवाहांच्या खिशात जातो. यंदा गणेशोत्सवातल्या स्पर्धेसाठी मी समितीकडे हट्ट धरला, की गुण हवे तर सांगू नका, पण प्रत्येक मुलाला अर्धं पान लिहून द्या. कोषाध्यक्षांनी खर्च विचारला, परीक्षकांनी वेळ किती लागेल ते. बावीस मुलं होती. जेवणाची पंगत वीस मिनिटं लांबली आणि काही मंडळी उघड कुरकुरली.

एका नऊ वर्षांच्या वक्त्याच्या कागदावर लिहिलं होतं: महाराज पेटाऱ्यात बसेपर्यंत फार छान सांगितलंस, मग आग्र्याहून एका वाक्यात राजगडावर कसे काय पोचले? आईने ते त्याला वाचून दाखवलं. श्रीखंडाच्या रांगेत तो परीक्षकबाईंच्या मागे उभा राहिला आणि मधला सगळा रस्ता त्यांना सांगू लागला.