कीर्तनातले हसू: जागवणारे आणि निजवणारे

वाचक माउली, सध्या सप्ताहाची बैठक बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘महाराज हसवतात का?’ अभंग कसा मांडतात, पाठांतर किती आहे, चाल कशी लावतात, हे मागाहून विचारले जाते. कधी कधी विचारलेही जात नाही. आमच्या दारव्हा तालुक्यातच नव्हे, साऱ्या वऱ्हाडात आणि वऱ्हाडाबाहेरही हेच ऐकू येते. म्हणून कीर्तनातल्या विनोदाचा एकदा नीट विचार करावा असे मनात आले. आपण श्रोते आहात, वर्गणी देणारे आहात, महाराजांना नारळ देणारेही आपणच आहात. तेव्हा हा विचार आपल्यापुढेच मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. वारकरी कीर्तनात विनोद नको, तो बाहेरून शिरला, असे काही जाणती मंडळी म्हणतात. हे खरे नाही. विनोद आपल्या घरचाच आहे. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून अज्ञानाची लक्षणे वाचा. एकादशीला विठ्ठलाचा होणारा, पंचमीला नागाचा, चतुर्थीला गणपतीचा आणि चतुर्दशीला दुर्गेचा होणारा भक्त माउलींनी असा उभा केला आहे की ऐकणाऱ्याच्या ओठावर हसू येतेच. पण हसता हसता ‘अरे, हा तर मीच’ असे वाटून तो गप्प होतो. माउलींनी त्या माणसाला नाव दिलेले नाही, गाव दिलेले नाही, जात दिलेली नाही. दोष तेवढा दाखवला आणि आरसा श्रोत्याच्या हाती दिला.

पैठणच्या नाथांनी तर हसण्याचे दालनच उघडले. जोशी, गोंधळी, वासुदेव, वाघ्या, मुरळी, फकीर, गारुडी अशी गावात फिरणारी सारी माणसे त्यांनी भारुडात आणली. विंचवाचे भारूड आठवा. विंचू कुणाला चावतो? शेजाऱ्याला नाही, सांगणाऱ्यालाच. तोच ओरडतो, तोच नाचतो, आणि आपण त्याला हसतो. पुढे कळते की तो विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा. तोवर आपलेही बोट दुखू लागलेले असते. रोडग्याच्या भारुडात सासुरवासाला कंटाळलेली सून भवानीला नवस बोलते आणि घरातली एकेक माणसे दूर कर म्हणते. बाया पदर तोंडाला लावून हसतात. पण नाथांना त्या सुनेची टिंगल करायची नाही. मनाला छळणारे सासुरवासी कोण, जिवाला एकटे होऊन कुणाजवळ जायचे आहे, हे सांगायचे आहे. विनोद हे दार आहे. दारातून आत जायचे असते, दारातच बसून राहायचे नसते.

मग काल्याचे कीर्तन घ्या. पेंद्या, वाकड्या, बोबड्या हे सवंगडी आले की मांडवातली लेकरेही सरसावून बसतात. शतकानुशतके महाराष्ट्र त्यांना हसत आला आहे. पण का हसतो ते पाहा. ज्याचे पाय धड नाहीत, ज्याची जीभ वळत नाही, त्याचीच शिदोरी देव मागून खातो. त्या हसण्याला प्रेमाचा ओलावा आहे, कारण देव त्यांच्या पंगतीला आहे. हल्ली मात्र काही ठिकाणी पाऊण तास बोबड्याची नक्कल चालते आणि देव दहीहंडीपुरता येतो. देव बाजूला काढला की उरतो तो अपंगाचा उपहास. शब्द तेच, पात्रे तीच, पण काला नासला.

आता आपल्या वऱ्हाडाचे सर्वांत मोठे उदाहरण. गाडगेबाबा २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला मामांकडे वाढले. दारव्ह्याहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर गाठलेल्या आमच्या पिढीला तो मुलूख परका नाही. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. शाळा नाही, शास्त्र नाही, पण हजारो माणसे तासन्‌तास हलत नसत. १९५६ साली देह ठेवण्यापूर्वी वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. नवीन कीर्तनकारांनी ते दहा वेळा ऐकावे.

बाबा काय करतात? ते सांगत नाहीत, विचारतात. देवाला आंघोळ कोण घालते, धोतर कोण नेसवते, नैवेद्याजवळ कुत्र्याला हाकलायला कोण बसते? साधे प्रश्न. लोक उत्तर देतात आणि आपल्याच उत्तराला हसतात. बाबांनी हशा ओढून आणलेला नसतो, तो श्रोत्याच्याच तोंडून निघालेला असतो. नेमक्या त्या क्षणी बाबा मूळ गोष्ट सांगतात: कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, बकरे कापू नका, लेकरांना शाळेत घाला, भुकेल्याला जेवू घाला. हसलेल्या माणसाचे मन नांगरलेल्या रानासारखे मोकळे होते. त्या ओलीत बी पडले पाहिजे. नुसते रान नांगरून जो घरी जातो, त्याला शेतकरी कोण म्हणेल?

आणखी एक गोष्ट. बाबांना अंधश्रद्धेवर, उधळपट्टीवर, दारूवर हसण्याचा अधिकार होता, कारण स्वतःच्या अंगावर त्यांनी काही ठेवले नव्हते. कीर्तनात गोळा झालेल्या विश्वासातून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, ठिकठिकाणी धर्मशाळा झाल्या. बोलणारा स्वच्छ असला की त्याचा टोमणाही औषध होतो.

आजच्या विनोदी कीर्तनाचा विषय निवृत्ती महाराज इंदुरीकर यांचे नाव घेतल्यावाचून पुरा होत नाही. मांडवाकडे न फिरकणारा तरुण त्यांनी मांडवात बसवला, हे मान्य केलेच पाहिजे. लग्नातला वायफळ खर्च, दारू, आईबापांची हेळसांड यांवर ते रोखठोक बोलतात आणि खेड्यातल्या माणसाला ते आपल्या घरचेच बोलणे वाटते. पण बायांवरच्या शेऱ्यांबद्दल त्यांच्यावर आक्षेप घेतले गेले, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्या एका विधानावरून मोठा वाद झाला, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. माझी खरी काळजी मात्र त्यांच्या नकलेची आहे. गावोगाव त्यांचा आवाज, त्यांचा हेल, त्यांचे हातवारे उचललेले तरुण उभे राहत आहेत. निरीक्षण उचलता येत नाही, म्हणून टोमणे उचलले जातात. मोबाईलवर एका मिनिटाचा तुकडा फिरतो; त्यात अभंग नसतो, प्रमाण नसते, चालही नसते. तुकड्यासाठीच कीर्तन रचले जाऊ लागले, तर विणेकऱ्याने वीणा कशासाठी धरायची?

विनोदाचे हे वेड फक्त आपल्याकडे नाही. शाळेतले पाहुणे, शेतकरी मेळाव्यातले वक्ते, कंपन्यांच्या बैठकीत बोलणारे साहेब, साऱ्यांना आता शिकवतात की आरंभीच श्रोत्यांना हसवा, म्हणजे ते तुमचे होतील. त्यात तथ्य आहे. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री नऊला मांडवात बसते, तिचे डोळे मिटणारच. एक हलका दृष्टांत तिला जागे करतो. पण वक्त्याला श्रोते आपले करायचे असतात, कीर्तनकाराला ते विठ्ठलाचे करायचे असतात. फरक एवढाच, पण सारे काही त्यातच आले.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित ही उत्तमांची, विहसित आणि उपहसित ही मध्यमांची, अपहसित आणि अतिहसित ही अधमांची. नाटकासाठी सांगितलेली ही प्रतवारी आहे. नाटकाच्या रंगपीठाला जी मर्यादा लागते, ती नारदाच्या गादीला लागू नये काय?

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट बोलतो, कारण ती बोलल्याशिवाय हा लेख पोकळ राहील. यवतमाळचे नाव देशभर कशामुळे गेले, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्या मांडवात अशी माय बसलेली असते, जिचा धनी कर्जापायी गेला. अशी सून असते, जिने दारूबंदीच्या मोर्चात घोषणा दिल्या, कारण घरी रोज मार आहे. महाराज दारुड्याची झोकांडी काढून दाखवतात, मांडव हसतो, आणि ती बाई मान खाली घालते. हाच विषय बाबांनीही घेतला होता. पण त्यांच्या कीर्तनात मान खाली जायची ती पिणाऱ्याची. सोसणारीला तिथे आधार मिळायचा. मांडवात कोण हसले हे ऐकू येते. कोणाला हसता आले नाही, हे पाहायला नजर लागते. ती नजर ज्याच्याजवळ नाही, त्याने विनोदाच्या वाटेला जाऊ नये. साध्या नामाने कुणाचेही मन दुखावत नाही.

तेव्हा माउली, कीर्तनाचे मोल करताना तीन गोष्टी पाहा. पहिली, विनोदाचे बोट कुणाकडे आहे? सांगणाऱ्याकडे किंवा आपणा साऱ्यांच्या दोषाकडे असेल तर तो नाथांच्या घरचा. सुनेकडे, गरिबाकडे, अपंगाकडे, दुसऱ्या जातीकडे असेल तर तो आपला नव्हे. दुसरी, हशा ओसरल्यावर महाराज अभंगाच्या चरणावर परत येतात की दुसऱ्या हशाकडे पळतात? तिसरी सर्वांत सोपी. सकाळी काकड्याला आलेल्या चार जणांना विचारा, ‘रात्री अभंग कोणता होता?’ विनोद आठवतात आणि अभंग आठवत नाही, तर समजा मांडव जागा होता, पण माणसे निजलेलीच राहिली.

तरुण कीर्तनकारांना दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कीर्तनकार घडवण्यासाठी. श्रोते घडवण्याची शाळा मात्र गावोगावचा मांडवच आहे, आणि तिचे गुरुजी तुम्ही आहात. चांगल्या निरूपणाला तुमची मान डोलली, नामाला टाळी पडली, हीन विनोदाला मांडव गप्प राहिला, तर उभ्या असलेल्या पोराला बरोबर कळते. श्रोत्यांचे मौन फार मोठे शिक्षण देते.

पुढच्या सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा ‘महाराज हसवतात का?’ हा प्रश्न जरूर विचारा. त्याला एक शेपूट मात्र जोडा: ‘आणि हसवून कुठे नेतात?’ पंढरीला नेत असतील तर त्यांच्यासोबत पोटभर हसा. पांडुरंगही कटीवर हात ठेवून हसतमुखच उभा आहे.

रामकृष्ण हरी.