शिडीवरून पडलेल्यांचं काय?

श्रीमंत देश आयातकराच्या आडोशाने वाढले आणि मग इतरांना खुल्या व्यापाराचे धडे देऊ लागले, असं हा-जून चांग 'किकिंग अवे द लॅडर' (2002) मध्ये सांगतात. ढोंग ते अचूक पकडतात. पण पुस्तकाचा भर चढलेल्यांवर आहे. आम्ही टेस्टिंगमध्ये फेल झालेल्या केसेस आधी बघतो. भारतात भिंत होती, तिच्याआड अँबॅसडर दशकानुदशकं जवळपास तशीच राहिली. दक्षिण कोरियाने संरक्षणासोबत निर्यातीची उद्दिष्टंही दिली. 1975ची ह्युंदाई पोनी दहा वर्षांत कॅनडात विकली जात होती. आपल्याकडे मोबाइलवर 2017पासून आयातकर आहे. तो किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात, हे फोनचे पैसे भरणाऱ्या आपण विचारायला हवं.